बोट न उचलता वाचायचे पत्रक

माझ्या पणजोबांनी दौलताबादेकडच्या हातकागदावर लिहिलेली एक स्तोत्रांची पोथी आमच्या देवघरात होती. पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत मूळ श्लोक, आणि वर व खाली बारीक अक्षरांत टीका, अशी तिची मांडणी. वरची टीका सरळ होती. खालची मात्र उलटी, म्हणजे पान अर्धे फिरवले तरच वाचता येईल अशी. भोकरदनच्या हायस्कुलात मी संस्कृत शिकवीत असे, आणि शाळेपूर्वी पहाटे स्नान करून, सोवळे नेसून या पोथीचे वाचन करीत असे. मूळ श्लोक वाचावा, वरची टीका वाचावी, पान फिरवून खालची टीका वाचावी, पुन्हा पान सरळ करावे. हे चाळीस वर्षे चालले होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यामुळे खालचा मजकूर उलटा का, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. पणजोबांची लहर असावी, अशी मी समजूत करून घेतली होती. थंडीच्या दिवसांत बोटे आखडलेली असताना पान फिरवावे लागले, तर त्यांच्याविषयी मनात किंचित तक्रारही येई. मग मी त्याबद्दल त्यांची मनातल्या मनात क्षमा मागत असे.

हे सारे सांगण्याचे कारण एक पत्रक आहे.

सत्तरच्या दशकातली ती वर्षे. जालना जिल्हा अद्याप झालेला नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असू. दुष्काळ नुकताच सरला होता. शेतकऱ्यांसाठी बियाणे, खत, पेरणी यांविषयीची पत्रके गावोगाव वाटली जात. ती मराठीत असत. अडचण अशी की, आमच्या भागातले पन्नाशीपुढचे जे थोडे लोक शाळेत गेलेले होते, ते निजामाच्या काळी उर्दूतून शिकलेले. कुळाच्या वहीवर सही करायची तर ती उजवीकडून डावीकडे. मराठी ते घरी बोलत, पण मराठी कागद हाती आला की त्यांची नजर उजव्या कडेला जाऊन उभी राही.

बाजाराच्या मागे एक लहान छापखाना होता. तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी चाळिशीचे होते. त्यांचे घराणे छप्पन साली बौद्ध झालेले. चौथीपर्यंतचे त्यांचे शिक्षण उर्दूत झाले होते, मराठी ते पुढे खिळ्यांवरच शिकले. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे छापल्या जात, म्हणून माझे तिथे जाणे होई. संस्कृत जोडाक्षर जुळवताना ते मला थांबवून घेत आणि बरोबर असल्याखेरीज पुढे जात नसत. अशा माणसाविषयी आदर वाटण्यास मला फार वेळ लागला नाही.

त्यांनी एकदा धावड्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पत्रक वाचताना पाहिले. ते मला पुढे त्यांनीच सांगितले.

"गुरुजी, त्यो बोट ठिऊन वाचून राह्यला. बोट सवयीनं उजवीकून डावीकं गेलं, आन् मराठी काई लागंना. उर्दू कागद आसता तरी डावीकं पोचल्यावर बोट उचलून पुन्हा उजवीकं न्यावं लागलं आसतं. म्या म्हनलं, बोट उचलायलाच कशाला पायजे? औताला जुपलेला बैल बांधाला जाऊन रिकामा मागं येतो का? वळतो आन् येताना बी नांगरतो."

यावरून त्यांनी जी मांडणी केली ती अशी. पहिली ओळ उर्दूत, उजवीकडून डावीकडे. वाचणाऱ्याचे बोट डाव्या कडेला पोचले की तिथूनच खाली उतरावे, आणि त्याच मजकुराची मराठी ओळ डावीकडून उजवीकडे वाचीत जावे. उजव्या कडेला पुन्हा खाली उर्दू. जे आताच ओळखीच्या अक्षरांत वाचले तेच लगोलग अनोळखी अक्षरांत भेटे, आणि बोट कागदावरून उठतच नसे. छपाईच्या दृष्टीने हे काम कठीण होते. मराठी खिळ्यांची ओळ सरळ बसते. उर्दू मात्र कातिबाने, म्हणजे सुंदर अक्षर काढणाऱ्या लेखनिकाने, हाताने लिहायची, तिचे शब्द वरून खाली झुकत येतात. दोहोंचा मेळ बसावा म्हणून त्यांनी सरकत्या पट्ट्यांची एक लाकडी चौकट केली. आधी मराठी ओळींचा ठसा दगडावर उतरवता येईल अशा खास कागदावर घ्यायचा, मग चौकट लावून मधल्या जागेत कातिबाने लिहायचे, आणि तो सबंध कागद शिळाप्रेसच्या दगडावर उतरवायचा. कातिब सत्तरीचे होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. निजामाच्या कचेरीत त्यांनी अर्ज लिहिण्यात उमर घालवली होती.

ते पत्रक धावड्याला, शहागडला, जिथे गेले तिथे लोकांनी जपून ठेवले. मग औरंगाबादच्या एका मोठ्या छापखान्याने तशीच पत्रके काढण्यास सुरुवात केली. तेव्हा कोणा ओळखीच्या वकिलाने आमच्या जुळाऱ्यांना सांगितले की, पेटंटचा कायदा नवा झाला आहे, अर्ज करा. त्यांनी मांडणीचा आणि चौकटीचा मिळून अर्ज केला. मोठ्या छापखान्याने विरोध नोंदवला. त्यांचे म्हणणे एकच होते: यात नवे काही नाही, दोन्ही लिप्या जाणणाऱ्या कोणाही कामगाराला हे सहज सुचले असते. कायद्याच्या भाषेत, गोष्ट उघड आहे.

या वादाची मला तेव्हा कल्पना नव्हती. पत्रक मात्र मी पाहिले होते. पाहिल्यावर मला जे वाटले ते आज लिहिताना संकोच होतो. मला आनंद झाला, पण तो माझ्या पोथीविषयीचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उलटी टीका वाचण्यासाठी पान फिरवताना मनात आले की, पाहा, आपल्या पूर्वजांना हेही ठाऊक होते. नजरेच्या सोयीसाठी ओळ उलटी लिहावी, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केले. चाळीस वर्षे ज्याला मी लहर म्हणत आलो, त्याला एका सकाळीत मी ज्ञान करून टाकले. आणि देवळाच्या ओट्यावर, वाचनानंतर जमलेल्या मंडळींपुढे, मी ते सांगितलेही. आमच्यासारख्या जुन्या विद्येवर वाढलेल्या माणसांना ही खोड असते. विमान दिसो, घड्याळ दिसो, आम्ही म्हणतो, हे आपल्याकडे होतेच.

पंधरवड्यानंतर औरंगाबादहून एक तरुण वकील घरी आले. वाकून नमस्कार केला. पोथीची कीर्ती ऐकली, दर्शन घ्यायचे आहे, असे म्हणाले. मी लांबूनच पान दाखवले.

"गुरुजी, वाचणाऱ्याच्या सोयीने ओळीची दिशा बदलणं आपल्याकडे पूर्वापार आहे, असं म्हणता येईल?"

"म्हणता येईल."

"मग एवढं कागदावर द्याल? जुनं ज्ञान कुणा एकाच्या नावावर जाऊ नये, एवढाच हेतू."

हेतू मला उदात्त वाटला. त्यांनी टंकलिखित कागद आणलाच होता. मी वाचला. त्यात खोटे वाक्य एकही नव्हते. कागद कोणाविरुद्ध जाणार, हे मी विचारले नाही, आणि सही केली.

महिन्याभराने आमचे जुळारी घरी आले. ते ओसरीच्या खालीच उभे राहिले. हातात कागदांची चळत होती. चाचा त्यांच्या मागे काठी टेकून उभे होते.

"गुरुजी, ही सही तुमची हाय का, एवढंच इचारायला आल्तो."

मी पाहिले. "माझी आहे."

"मंग बराबर." ते कागद घडी करू लागले. "म्या म्हनलं कुनी खोटी केली आसंल."

चाचांना मात्र गप्प राहवले नाही. "गुरुजी, तुमच्या पोथीत समदं आधीच लिहिलेलं आसतं म्हनत्यात. जल्दी बघून सांगा, उद्या जालन्याची पयली मोटार किती वाजता सुटंल? ह्या गुडघ्यांनी आजाबात उभं ऱ्हावत न्हाई मोटारीच्या अड्ड्यावर."

"चाचा, ऱ्हाऊ द्या," जुळारी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे. म्या मोटारीचं इचारलं."

मी त्यांना वर बसायला सांगितले. चाचा बसले. जुळारी पायरीवर बसले. मी म्हणालो, "मला हे तुमच्याविरुद्ध जाईल हे कळले नाही. पण जे लिहिले ते खोटेही नाही. पोथीत उलटी ओळ आहेच."

त्यांनी कागदाच्या घडीवरून नख फिरवले. मग म्हणाले, "गुरुजी, कमाईचं सोडा. मोठे लोक छापनारच, छापू द्या. पर आमच्या घरात आजवर कुनी काई पयल्यांदा केलं, आसं कुठल्या कागदावर आलेलं न्हाई. दुसऱ्यानं केलेलं आम्ही उचललं, हेच आलं. ह्यावेळेस उचललेलं न्हाई. तुमच्या पोथीत खरंच आसंल तर म्या अर्ज मागं घेतो. पर मला ते पान बघू द्या."

मी आत जाऊन पोथी बांधलेले कापडी बासन आणले. पोथी सोवळ्यात असे. परक्याचा हात तिला लागत नसे. त्यांनी हात पुढे केला नाही. "हात शाईचे हायेत माझे," ते म्हणाले, आणि हात गुडघ्यांखाली घेतले. त्यांची बोटे स्वच्छ होती, घासलेल्या साबणाचा वास येत होता. त्यांनी दिलेली सबब मी घेतली. पान मीच धरले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

मी सवयीने पान फिरवू लागलो, तर ते म्हणाले, "फिरवू नका." जुळाऱ्याची नजर उलट्या खिळ्यांवर तयार झालेली असते, हे मी विसरलो होतो. उलटी टीका त्यांनी पान न हलवता, माझ्याहून भरभर वाचून दाखवली. अर्थ त्यांना कळत नव्हता. अक्षर एकही चुकले नाही. मग त्यांनी दुसरे पान मागितले, तिसरे मागितले. अर्थ नसल्यामुळे असेल, ते अक्षरांखेरीज जे काही कागदावर होते ते पाहत होते.

"गुरुजी, हे टीकेपुढचे आकडे कसले?"

"परिच्छेदांचे क्रमांक."

"वरती एक, तीन, पाच हायेत. खालती दोन, चार, सहा."

मी वाकून पाहिले. तसेच होते. सर्व पानांवर तसेच होते. चाळीस वर्षे मी अर्थामागे धावत आधी वरचे सगळे वाचले, मग खालचे सगळे, आणि टीका थोडी विस्कळीत आहे असे मला नेहमी वाटत आले. त्या दिवशी ओसरीवर मी एक वाचले, मग पान फिरवून दोन वाचले, मग तीन. विषमात शंका होती, समात तिचे समाधान. दोघांनी समोरासमोर बसून वाचायची ती पोथी होती. पान मध्ये ठेवायचे, एकाने विचारायचे आणि समोरच्याने उत्तर वाचायचे. पान कोणीच फिरवायचे नव्हते. पानांच्या खालच्या कडा जितक्या मऊ झालेल्या, तितक्याच वरच्याही होत्या. तेही मी कधी पाहिले नव्हते.

"म्हंजे सवाल-जवाब," चाचा म्हणाले.

जुळाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण मला दिसत होता. कारण पोथी आता त्यांच्या पत्रकाच्या अधिकच जवळ आली होती. एक ओळ इकडून, एक तिकडून, आळीपाळीने. वकिलाला हे कळले असते तर त्याने माझ्या सहीपेक्षाही याला अधिक मोल दिले असते. मी म्हणालो, "हे आकड्यांचे कोणाला सांगावे लागेल असे नाही."

"सांगावं लागंल, गुरुजी. आहे ते आहे." मग ते पुन्हा पानाकडे पाहत राहिले, आणि हळूहळू, एकेक खिळा उचलावा तसे बोलले. "पर हिथं वळ संपली की वाचनारा बदलतो. माझ्या पत्रकात वाचनारा त्योच ऱ्हातो, त्याचं बोट वळतं. ह्यांनी दोन मान्सं बसवली. म्या एकाच मान्साची दोन अक्षरं बसवली. हे एक हाय का?"

मी न्यायशास्त्र शिकलेला माणूस. साम्य आणि अभेद यांतला फरक मी मुलांना फळ्यावर शिकवीत आलो होतो. तो मला ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी दाखवला. "एक नाही," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात जालन्याला जाऊन मी दुसरे प्रतिज्ञापत्र केले. आकड्यांसकट सर्व लिहिले. सुनावणी मुंबईला होती. पोथीचे पान प्रत्यक्ष हजर करायचे होते, म्हणून मी आणि जुळारी दोघे गेलो. चाचा म्हणाले, "माझं पत्रकच माझी साक्ष." त्यांचे गुडघे त्यांना येऊ देत नव्हते, हे खरे कारण.

सुनावणीची खोली साधी होती. अधिकारी वयस्कर, मृदू बोलणारे. त्या तरुण वकिलांनी मला पुन्हा वाकून नमस्कार केला आणि मग विचारले, "दोन्ही प्रतिज्ञापत्रांवरच्या सह्या आपल्याच?"

"माझ्याच."

"मग खरं कोणतं मानायचं?"

"दोन्हींत मी एकच पान पाहिले आहे. पहिल्या वेळी अभिमानाने पाहिले, दुसऱ्या वेळी वाचले."

"पण दिशा बदलण्याची कल्पना त्या पानात आहे, हे आपण नाकारत नाही. मग दोन्ही लिप्या जाणणाऱ्याला ती तिथून सहज सुचली असती, नाही का?"

मी उत्तर मनाशी ठरवून गेलो नव्हतो. जे खरे होते ते सांगितले. "ते पान चाळीस वर्षे रोज माझ्या हातात आहे. मला त्यातून काही सुचले नाही. त्याचा उपयोगसुद्धा कळला नाही. तो कळला ह्यांचे पत्रक पाहिल्यावर, आणि तोही ह्यांनीच समजावून दिल्यावर. उघड्या गोष्टीला एवढा वेळ लागत नसावा."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. पान पाहायला मागितले. त्यांच्याकडून ते वकिलांच्या हाती गेले, तिथून लेखनिकाच्या, मग नोंद करण्यासाठी शिपाई ते दुसऱ्या खोलीत घेऊन गेला आणि घेऊन आला. या सर्व वेळात जुळारी भिंतीशी हात मागे बांधून उभे होते. त्या खोलीत पानाला हात न लावलेले एकटे तेच होते.

परतीच्या गाडीत मनमाडच्या अलीकडे मी बासन त्यांच्या मांडीवर ठेवले.

ते दचकले. "गुरुजी, सोवळं?"

"धरा जरा. मला डबा काढायचा आहे."

डबा काढून झाला, जेवण झाले, हात धुऊन झाले. बासन मी परत मागितले नाही. मनमाडला गाडी बदलतानाही, जालना येईपर्यंत त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले होते.

निकाल बऱ्याच महिन्यांनी टपालाने आला. ते तो घेऊन शाळेतच आले. पोथीमुळे त्यांची कल्पना उघड ठरत नाही, असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट लिहिले होते. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. परंतु कागदावर ओळी कशा लावाव्यात, ही नुसती मांडणी. तिला कायदा शोध मानीत नाही, म्हणून तेवढा भाग वगळला होता. सरकत्या पट्ट्यांची चौकट मात्र नवी, आणि ती त्यांची.

मला वाईट वाटले. मोठा छापखाना दुसऱ्या कुठल्या रीतीने तीच पत्रके काढू शकणार होता, आणि पुढे त्याने ती काढलीही.

"तुम्हाला काय वाटते?" मी विचारले.

त्यांनी कागद बाकावर सरळ केला. मग म्हणाले, "चौकट माझी. वळी समद्यांच्या. चालंल." आणि कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून, "पर हे पयल्यांदा केलं, आसं लिहिलंय ना?"

"लिहिले आहे."

"मंग झालं."

चाचांनी त्या कागदाची उर्दू नक्कल स्वतःच्या हाताने केली आणि छापखान्याच्या भिंतीवर चिकटवली. आपले गुडघे मुंबईला गेले असते तर मांडणीही मिळाली असती, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

त्या श्रावणात मी त्यांना म्हटले की, टीका दोघांनी वाचायची आहे आणि माझ्यासमोरची जागा रिकामी आहे. ते म्हणाले, "गुरुजी, म्या देवाला हात जोडनार न्हाई." मी म्हणालो, "जोडू नका. सम क्रमांक वाचा." छापखान्याला सुटी असे त्या सकाळी ते येत. पाट समोरासमोर मांडलेले असत आणि पान मध्ये असे. मी एक वाचायचा, ते दोन वाचायचे, आणि मग मी अर्थ सांगायचा. कधी समाधान त्यांना पटत नसे, तेव्हा ते माझ्या बाजूची शंका, तिथूनच, उलटी, पुन्हा एकदा वाचून दाखवीत.

पान मी त्यानंतर फिरवले नाही.